अतिनील आरशातली मिशी

आधी एक कोडं घालते. अकोल्यात एप्रिलमध्ये सत्तेचाळीस डिग्री तापमान होतं. तिथे मी अख्खा महिना काढला आणि माझ्या ओठावरचा नवा व्रण (जखम भरल्यावर उरणारी खूण) होता तसा गुलाबी राहिला. मे महिन्यात चिखलदऱ्याला आले. इथे सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी गार वारा सुटतो. तरी आठ दिवसांत तोच व्रण तपकिरी झाला, बशीत सांडलेला चहा वाळावा तसा. का झालं असेल असं?

घाई करू नका. मीही चुकीचंच उत्तर दिलं होतं, तेही रडत रडत.

मी शलाका. जन्मले तेव्हा माझा वरचा ओठ दुभंगलेला होता. मी तीन महिन्यांची असताना डॉक्टरांनी तो शिवला, पण मी वाढत गेले तशी ती शिवण एका बाजूला ओढली गेली. बोलताना ओठ तिरका व्हायचा. यंदा फेब्रुवारीत डॉक्टर फुलझेले मॅडमनी तो नव्याने सरळ केला, इतक्या बारीक टाक्यांनी की ते बघायला त्यांनी मला भिंग दिलं. अशा शस्त्रक्रियेला सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणतात.

आता अकोल्याचं एक सांगायला हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात कुणाचंच तोंड दिसत नाही. घराबाहेर पडायचं म्हणजे आधी दुपट्टा, डोक्यावरून, नाकावरून, गळ्याभोवती, नुसते डोळे उघडे. २०६१ साल उजाडलं, शाळा पहाटे पाचला भरून साडेनऊला सुटायला लागली, तरी दुपट्टा आहे तिथेच आहे. फरक एवढाच की बाकीच्या मुली तो जूनमध्ये सोडायच्या आणि मी बारा महिने बांधायचे. आई स्वतः बांधून द्यायची. गाठ दोनदा ओढायची, म्हणजे वाटेत सुटायला नको. आम्ही दोघी कधी बोललो नाही की हा उन्हासाठी नाही म्हणून.

तर चिखलदऱ्याच्या स्टॅंडवर बसमधून उतरले आणि पहिलं काम काय केलं असेल? दुपट्टा काढून पिशवीत कोंबला. गार वारा सरळ माझ्या ओठांवर आला. असं मला आधी कधी झालंच नव्हतं. आठ दिवस मी उनाडले. दरीच्या कडेने फिरले, कॉफीच्या बागेत गेले, अनोळखी माणसांना रस्ता विचारला, केवळ त्यांच्याशी बोलायला मिळावं म्हणून. मॅडमनी लोशन दिलं होतं, व्रणावर लावायचं, वर्षभर. पण ऊन लागतच नव्हतं तर लोशन कशाला लावायचं?

इथे माझे आबा राहतात, आईचे वडील. ते वातावरणशास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या संशोधन केंद्रात त्यांनी एक आरसा बनवलाय, साध्या उजेडात न दिसणाऱ्या गोष्टी दाखवणारा. शनिवारी मेळघाटातल्या शाळांची तीनशे मुलं तो बघायला येणार होती, आणि आरशाची माहिती मी सांगणार होते. मी. माईकवर. हट्टाने मागून घेतलं होतं.

आणि गुरुवारी सकाळी केस विंचरताना मला ती तपकिरी रेघ दिसली.

आबांनी मला कोठीच्या खोलीत शोधून काढलं. मी दुपट्टा बांधून बसले होते.

"काऊन वं, अंधारात काय करून राहिली?"

मी सांगून टाकलं. ऑपरेशन बिघडलं. शनिवारी मी बोलणार नाही, तुमचं तुम्ही सांगा. आणि आईला एवढ्यात कळवू नका, तिने या ऑपरेशनसाठी तीन वर्षं डॉक्टरांचे दरवाजे झिजवलेत.

आबांनी समजावलं वगैरे नाही. त्यांनी मॅडमना व्हिडिओ फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मॅडमनी व्रण नीट पाहिला. ऑपरेशन छान आहे, बिघडलेलं काही नाही, हे व्रणाला ऊन लागलंय, असं म्हणाल्या. रंग अजून वरवरचा आहे. आजपासून जपलं तर काही महिन्यांत उतरेल. असंच ऊन खात राहिला तर मात्र तो तिथेच मुक्काम करू शकतो, मग सांगता येत नाही.

मी फोन ठेवला आणि आबांवरच चिडले.

"इथे ऊनच नाही. स्वेटर घालून फिरले मी."

"ऊन नाही असं तुले कोण सांगतलं?"

"माझ्या कातडीने."

"तिले गरम-गार तेवढं कळते," आबा म्हणाले. "बाकीचं नाही कळत. चाल."

त्यांनी मला केंद्राच्या ओसरीत आरशापुढे उभं केलं. सूर्यप्रकाशात आपल्याला दिसतात ते रंग तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत. तांबड्याच्या अलीकडे उष्णतेचे किरण असतात, ते त्वचेला जाणवतात. जांभळ्याच्या पलीकडे असतात अतिनील किरण. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्वचेला जाणवतही नाहीत. थर्मामीटरला त्यांचा पत्ताच नसतो. आबांचा आरसा नेमके तेच किरण पकडतो आणि आपल्याला दिसतील अशा करड्या चित्रात बदलून दाखवतो.

आरशात आकाश पांढरंफटक होतं. आबांच्या साध्या चष्म्याच्या काचा काळ्याकुट्ट दिसत होत्या, कारण ती काच हे किरण अडवते. ओसरीच्या सावलीतही उजेड होता. आकाशातून विखरून येणारे किरण सावलीतही शिरतात.

मग आबांनी विचारलं की अकोल्यात मी दुपारी बाराला किती वेळ बाहेर असायचे. अजिबात नाही, मी म्हटलं, कोण मरायला जाईल. आणि जावंच लागलं तर? दुपट्टा, दोन घड्यांचा, जाड सुती. आणि इथे बाराला? इथे मी दरीवर, उघड्या तोंडाने, तास तास.

उत्तर माझं मलाच सापडत होतं आणि मला ते आवडत नव्हतं. त्यात आबांनी भर घातली. चिखलदरा उंचावर आहे. अकोल्यापर्यंत उतरताना किरणांना आणखी हवा ओलांडावी लागते आणि त्यातले थोडे वाटेतच गाळले जातात. म्हणजे गार चिखलदऱ्यात ते उलट थोडे जास्तच. उकाडा आपल्याला घरात पळवतो. गारवा बाहेर थांबवून ठेवतो. मी ऊन मोजलं ते उकाड्यावरून, आणि तिथेच चुकले.

"पण काळं फक्त व्रणावरच का?" मी विचारलं. "गालही उघडेच होते की."

आबांनी आरशाची बारीक नळी माझ्या ओठाजवळ आणली. ही नळी त्वचेच्या आत, पेशींपर्यंत बघते. पडद्यावर कोळ्यासारखे हात पसरलेल्या पेशी आल्या. या मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) बनवतात आणि हातांनी शेजारच्या पेशींना वाटतात. शेजारच्या पेशी ते आपल्या केंद्रकावर (पेशीच्या गाभ्यावर) धरतात, अगदी छत्री धरावी तसं. गालाच्या पेशी शांतपणे एकेक छत्री देत होत्या. व्रणाजवळच्या नुसत्या उधळत होत्या. नुकतंच कापलेलं, शिवलेलं, सगळीकडे डागडुजी चाललेली. कोलॅजनचे (त्वचेला बळ देणारे) धागे अजून गुंतलेले, ते नीट रचून व्हायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. आणि अशा गडबडीत वरून अतिनील किरण. घाबरलेल्या पेशी दिसेल त्याला दहा दहा छत्र्या देत सुटल्या होत्या. तेच ते तपकिरी.

"त्यायचं चुकत नाही वं," आबा म्हणाले. "त्यायले वाटते पोरगी संकटात हाय. जवळ हाय ते सारं देऊन राहिल्या."

मी त्या पेशींकडे बराच वेळ बघत राहिले. रोज सकाळी गाठ दोनदा ओढणारी आई आठवली. मला रडू आलं, पण सकाळचं वेगळं होतं आणि हे वेगळं.

म्हणजे पेशींना घाबरवायचं नाही, एवढंच काम. भर दुपारी बाहेर फिरणं कमी, रुंद काठाची टोपी आणि लोशन. टाके निघून जखम पूर्ण मिटलेली असल्याने लोशनला मॅडमची परवानगी होतीच, फक्त ते दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. मी बाटली आणली, व्रणावर आणि आजूबाजूला जाडसर लावलं आणि आरशात पाहिलं.

मला मिशी होती.

काळीभोर, रुबाबदार, इन्स्पेक्टरला शोभेल अशी. लोशन अतिनील किरण शोषून घेतं, ते आरशाकडे परतच येत नाहीत, म्हणून तेवढी जागा काळी दिसते. बाहेरून मात्र चेहरा माझाच, उघडा. आबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मीही हसले. मग मी आईला स्वतःच फोन केला. ती म्हणाली, शनिवारी येते, दुपट्टा घेऊन येऊ का? मी म्हटलं, टोपी आण.

शनिवारी अकरा वाजता ओसरीपुढच्या मांडवात तीनशे मुलं होती. भाषण पाठ होतं, पण पहिलं वाक्य विसरले. म्हणून सरळ आरशापुढे गेले. माझा चेहरा मोठ्या पडद्यावर आला, ओठावर काळी रेघ, सगळ्यांना दिसेल अशी. मी म्हटलं, "ही माझ्या ऑपरेशनची खूण. हिला ऊन लागलंय. आता बघा हं." आणि लोशन लावलं.

मांडव हसून हसून पडायचा बाकी राहिला. मग मी सगळं सांगितलं, कोडं, किरण, छत्र्या. सावलीतही किरण असतात हे मुलांना मुळीच पटलं नाही, आरशात दाखवावं लागलं. मुलं रांग लावून लोशनच्या दाढ्या काढायला लागली. प्रश्न संपेनात. एकाचं उत्तर देता देता मी घड्याळ पाहिलं, दोन तास होऊन गेले होते. तिथेच उभ्या उभ्या, माईक काखेत धरून, मी पुन्हा लोशन लावलं. मागे आई उभी होती, टोपी छातीशी धरून.

पुढच्या रांगेत चुरणीच्या शाळेतली एक छोटी मुलगी होती. तिच्या कोपरावर भाजल्याची नवी खूण होती. बाकीचे पांगल्यावर ती माझ्याजवळ आली.

"ताई, तुझी खूण जाईल का?"

खोटं सांगवेना. "पूर्ण नाही जाणार," मी म्हटलं. "पण शांत होईल. वर्षभर सांभाळायची, मग ती आपली आपण झोपते."

तिने विचार केला. मग बाही खाली ओढून कोपर झाकलं आणि विचारलं, की पुढच्या वर्षी ती आली तर आरशात दोघींच्या खुणा दाखवशील का.