कोपरावरचं ठिगळ

सुताराचं यंत्र इतकं किंचाळत होतं, की दाराशी उभं राहून तिने दोन-तीनदा हाका मारल्या तरी त्याला पत्ता नव्हता. शेवटी ती सरळ आत शिरली आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

तो दचकून वळला. भुवयांवर, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर लाकडाचा भुसा. समोर एक अनोळखी मुलगी... गळ्यात मापाची टेप, ओढणीला टोचलेली सुई, डोळ्यांत राग.

“तुमच्यामुळे माझा आवाज कुणाला ऐकूच जात नाही,” ती म्हणाली.

“कुणाला जायचाय?”

आता तिची पंचाईत झाली. कारण ऐकणारं अजून कुणी नव्हतंच.

ती ज्या कारखान्यात कपडे शिवायची, तो बंद पडला होता आणि ती वरच्या मजल्यावर मावशीकडे राहायला आली होती. लोक जरासं उसवलं की कपडा फेकून देतात, त्यांना तो सांधायला शिकवावं, त्याचे व्हिडिओ करावेत, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मावशी म्हणाली होती, सुईत दोरा ओवायचा कंटाळा करणारे लोक तुझं काय डोंबल बघणार? तरी तिने पहिला व्हिडिओ टाकला. त्यात तिच्या बोलण्यापेक्षा करवतच जास्त बोलत होती. तो बघितला मावशीने, आणि गावाकडे आईने. आकडा वाढावा म्हणून आईने तो पुन्हा पुन्हा उघडला.

हे सगळं तिने का कोण जाणे, त्या भुसा माखलेल्या माणसाला सांगून टाकलं. तो हसला नाही. खिडकीत लाल कापड लटकवा, म्हणाला. ते दिसलं की यंत्र बंद.

लाल कापड दिसायला त्याला सारखं वर बघावं लागे. तो तक्रार करत नसे.

पुढे फोनसाठी त्याने लाकडी स्टँड करून दिला. मग स्टँड डुगडुगतो का बघायला आला. मग डुगडुगत नाही याची खात्री करायला आला. मावशीने चहाचं आधण ठेवता ठेवता विचारलं, की या स्टँडला अजून किती दिवस पाय फुटणार आहेत?

एकदा तो व्हिडिओ बघून म्हणाला, “तुम्ही पाठ केल्यासारखं बोलता. त्या दिवशी माझ्याशी भांडलात ना... तसं बोला की.”

तिने करून बघितलं. फोनच्या काचेऐवजी भुशाने माखलेल्या दोन भुवया समोर आहेत असं समजून बोलली आणि शब्द झरझर आले. लोक बघू लागले. अनोळखी बायका आपापल्या उसवलेल्या शिवणींचे फोटो पाठवू लागल्या. मावशी तोंडाने कुरकुरत असे, पण शेजारणींना बोलावून दाखवत असे.

आणि मग त्याचा शर्ट कोपरावर फाटला.

तिने त्याला फोनसमोर बसवलं. अंगातल्या शर्टालाच ठिगळ कसं लावायचं ते दाखवते, म्हणाली. तुम्ही मध्ये मध्ये काहीतरी गमतीचं बोला, लोकांना आवडतं. तो दगडासारखा गप्प. तिच्या बोटांचा स्पर्श झाला की श्वाससुद्धा जपून घेई.

“झालं,” तिने दात लावून दोरा तोडला. “आता जपा.”

“नाही जपणार,” तो हळूच म्हणाला. “उद्या दुसरं कोपर फाडून आणीन. तुमच्यासमोर बसायला कारण लागतं मला... सकाळी तुमची खिडकी उघडते ना, तेव्हा माझा दिवस उजाडतो.”

तिच्या हातातली सुई तशीच राहिली. मग फोनकडे लक्ष गेलं. तो अजून चालूच होता. म्हणजे पठ्ठ्याला शेवटी गमतीचं बोलणं सुचलं तर!

“छान बोललात,” ती हसून म्हणाली. तेवढ्यात खालून गिऱ्हाईकाची हाक आली आणि तो लाजत, जिना धडपडत उतरून गेला.

ते वाक्य तिने कितीतरी वेळा ऐकलं. हे खरं असतं तर... असं एकदा मनात आलं, आणि मग तिने व्हिडिओ नेहमीसारखा लोकांसाठी टाकला.

तो वणव्यासारखा पसरला. एवढे लोक तिने जन्मात मोजले नव्हते. पण सुतार पुन्हा वर आला नाही. लाल कापड दिसलं की यंत्र मुकाट्याने बंद होई, एवढंच. जिन्यात गाठ पडली तर मान खाली घालून बाजूने निघून जाई.

कोडं सुटलं त्याची थोरली बहीण माप द्यायला आली तेव्हा. ती रागावली नव्हती, हेच जास्त लागलं. म्हणाली, “त्या दिवशी घरी येऊन मला सांगत होता, ताई, एकदाचं बोललो, आणि ती हसली. जेवलासुद्धा नाही नीट, इतका खुशीत. त्याला वाटलं, ‘झालं’ म्हणालीस म्हणजे फोन बंद केलास गं. दुसऱ्या दिवशी येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तेच वाक्य त्याला ऐकवत होतं.”

बहीण जिना उतरली तशी तिने व्हिडिओ काढून टाकला. मग फोन मावशीच्या हातात देऊन ती खाली गेली.

तो खुर्चीचा पाय घासत होता. वर न बघता म्हणाला, “काढायला नको होता. लोकांना आवडला होता.”

“मलाही आवडला होता. मला वाटलं, तुम्ही लोकांसाठी बोलताय... आणि मला वाईट वाटलं. कारण मला ते खरं हवं होतं.” ती एक पाऊल पुढे आली. “ते माझ्यासाठी होतं ना?”

त्याचा हात थांबला. “होतं.”

“मग मी ते सगळ्यांना वाटत सुटले. चुकलं माझं.”

ती वळणार, एवढ्यात त्याने खुर्ची सरळ केली, फडक्याने पुसली आणि तिच्यापुढे ठेवली.

“डुगडुगेल,” तो म्हणाला. “एक पाय अजून बसायचाय.”

“मी सांभाळून बसेन,” ती म्हणाली. “पण तू बोल.”

“तू” ऐकून त्याने वर पाहिलं... आणि पुष्कळ दिवसांनी तो हसला.