मूळ पेशी, नवी पेशी

ऊबपेटीच्या काचेतून डॉ. मृणाल कारखानीस अंकुरत्वचेकडे पाहत होत्या. भाजलेल्या कुठल्याही माणसाच्या अंगाला चालेल अशी ही त्वचा जगात फक्त या पेटीत वाढत होती. तिच्या पेशी गोठवल्या की मरत, म्हणून त्यांचा साठा करता येत नसे. सतत वाढवत ठेवणं एवढाच उपाय.

तिच्या मालकीवरून दोन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि अंतरिम मनाई हुकूम आला : निकालापर्यंत पेशींची स्थिती जैसे थे ठेवावी.

"जैसे थे म्हणजे नक्की काय हो?" मृणालताईंनी आपल्या कंपनीचे वकील फिरोज दारूवाला यांना विचारलं. "खाऊ घातलं तर वाढतात, उपाशी ठेवलं तर मरतात. हुकूम मोडतोच."

"म्हणून तर दुरुस्तीचा अर्ज करू या. प्रतिज्ञापत्र तुमचं."

शेजारच्या इस्पितळात इस्माईल तांबोळी या त्वचेची वाट पाहत पडून होता. बॉयलर फुटून त्याचा चेहरा आणि छाती भाजली होती. त्याची बायको शमीम रोज प्रयोगशाळेच्या दाराशी येई. "बाई, आज?" मृणालताई म्हणत, "अर्ज केलाय."

न्यायमूर्तींनी दोन्ही बाजू मन लावून ऐकल्या. समोरच्यांचा आक्षेप एकच : वाढलेल्या पेशी हे लोक परस्पर विकतील. तेव्हा हुकूम स्पष्ट करण्यात आला. हुकमाच्या दिवशीच्या मूळ पेशी जगवाव्यात, नंतर जन्मलेल्या नव्या पेशी नष्ट कराव्यात. देखरेखीला कोर्ट कमिशनर नेमला.

"झालं की मनासारखं!" दारूवाला खुशीत होते.

"कसलं मनासारखं? पेशीला पिल्लू होत नाही हो, ती स्वतःच दुभंगते. आई मागे उरतच नाही. दोन्ही नव्याच!"

"मग दोन्ही नष्ट करा. उरतील त्या मूळ."

"अहो, पण उरतील त्या कुठल्या?"

"ते पुढच्या तारखेला मांडू. कोर्टाच्या सुट्टीनंतर. आत्ता हुकूम मोडलात तर तुरुंगात जाल, ताई."

कमिशनर खुर्ची टाकून पेटीजवळ बसला. माणूस सभ्य होता, पण नजर हलवत नव्हता. दुभंगणाऱ्या पेशीला मारणारं औषध मृणालताईंनी स्वतःच्या हातांनी पेटीत सोडलं. दुसऱ्या कुणाला सांगायला त्यांची जीभ रेटली नाही.

सुट्टी संपायच्या आतच कंपन्यांनी तडजोड केली. मनाई उठली. मूळ पेशी जिवंत आहेत, असा अहवाल कमिशनरने दिला, आणि तो खरा होता.

शमीम धावत आली. "जित्या हायेत म्हणं?"

"आहेत."

"मग लावा की!"

"शमीमबी, वाढणारी प्रत्येक पेशी आम्ही मारली. उरल्यात त्या कधीच न वाढणाऱ्या. आता त्यांची त्वचा होणार नाही. सगळ्या गोळा केल्या तरी नखाएवढ्या भरतील."

शमीमने आपल्या अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं.

"तेवढीच लावा, बाई. पापणीला लावा. त्यांचा डोळा मिटत नाय, झोप लागत नाय त्यांना."

न वाढणारी त्वचा अंगाला धरतसुद्धा नाही, हे शमीमला सांगायचं अजून बाकी होतं. मृणालताईंनी तिचा हात धरला.