मोतिया रेशमाचं दुपटं

आईच्या दुकानात येणाऱ्या बायका आधी हसायच्या, मग ओशाळायच्या आणि मग पिशवी उघडायच्या. पिशवीत लग्नाचा पोशाख असायचा. वर्षानुवर्षं कपाटाच्या तळाशी राहून घडीच्या रेषांवर पिवळा पडलेला, अंगात शिरत नाही, टाकवत नाही आणि ठेवायला जागाही नाही, असा. "याचं काही होईल का हो?" त्या विचारायच्या. आई म्हणायची, "होईल की. बसा." मग त्या पोशाखाची उशी व्हायची, नातीसाठी टोपरं व्हायचं, चष्म्याचं घर व्हायचं. एका बाईने घेराच्या कापडातून आपल्या सगळ्या बहिणींसाठी बाहुल्या करून नेल्या होत्या आणि नाकं मात्र सगळ्यांना स्वतःसारखी लावायला सांगितली होती.

दुकान म्हणजे रस्त्यापेक्षा थोडी खाली असलेली एक लांबट खोली. काचेतून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे गुडघ्यापर्यंतचे पायच तेवढे दिसायचे. आत पायमशीन, कापायचं मोठं टेबल, बटणांचे डबे, आणि गिऱ्हाइकासाठी हातांची एक खुर्ची. ती खुर्ची शोभेची नव्हती. आईचा नियमच होता की पोशाख ज्या बाईचा, तिने उसवताना समोर बसायचं आणि लग्नाच्या दिवसाबद्दल बोलत राहायचं. काहीही बोला, पण थांबू नका. नवऱ्याला शिव्या दिल्या तरी चालेल. "मुक्याने उसवलेलं कापड विरतं," आई म्हणायची आणि अर्ध्या ब्लेडने टाका न् टाका सोडवत जायची.

तिच्या थोरल्या लेकीला हे पटत नसे. म्हणजे वेगळ्या अर्थाने पटत असे. ती शिकली होती, वाचत होती, आणि आईबरोबर त्या टेबलाशी बसून तिची निम्मी हयात गेली होती. तिचा हिशेब सरळ होता: बोलणारी बाई रडत नाही, रडली नाही तर मधेच "नको, राहू दे" म्हणत नाही, आणि काम पुरं होतं. धंद्याची युक्ती होती ती. चांगली युक्ती होती.

आई गेली, आणि थोरलीने दुकान चालू ठेवलं. युक्तीही चालू ठेवली. गिऱ्हाइकं बोलत, ती उसवत असे. दिवस बरे जात. मग धाकट्या बहिणीने आपला हट्ट सांगितला.

धाकटीचे दिवस भरत आले होते. पोटावर बशी ठेवून ती काहीतरी खात होती आणि खाता खाता म्हणाली, "ताई, बाळाचं पहिलं दुपटं आईच्या पोशाखाचं कर."

"आईचा पोशाख कापू?"

"जगभरच्या बायकांचे कापतेस की. आपल्या आईने काय घोडं मारलंय?"

आईचा पोशाख मोतिया रंगाच्या रेशमाचा होता. लांब बाह्या, पाठीवर कापडाने मढवलेल्या बटणांची ओळ, भरपूर घेर. तिने आणि मावशीने मिळून तो घरी शिवला होता. आईची म्हणून जी वस्तू उरली होती ती हीच. बाकी सगळं तिने जिवंतपणीच वाटून टाकलं होतं. थोरलीने तो बाहेर काढला, तोंडाजवळ नेला. कपाटाचा वास आला. आईचा नाही.

एका सकाळी दुकान उघडायच्या आधी ती बसली. समोरची खुर्ची रिकामी होती. पोशाखाची मालकीण बोलायला येणार नव्हती, तेव्हा त्या नियमाचा प्रश्नच उरत नव्हता. तिने बाहीची शिवण धरली आणि ब्लेड लावलं.

पहिला टाका सुटला, आणि त्याच्या बाजूचं रेशीमही सुटलं. तिने हात हलका केला. पुढच्या टाक्याला कडेचे धागे भिजल्या कागदासारखे बोटांना चिकटून आले. बाही सुटी होईस्तोवर तिची चाळण झाली होती. जुनं रेशीम, थोरली स्वतःशी म्हणाली. घाम लागतो, काखेत आधी विरतं. तिने दुसरी बाही घेतली, या वेळी मुद्दाम रेडिओ लावून. बातम्या चालू असताना दुसरी बाहीही गेली. मग पुढचा भाग गेला, तिथे घामाचा काही संबंध नव्हता.

ती थांबली. आता फक्त घेर शिल्लक होता. दुपटं व्हायचं तर त्यातूनच, आणि घेरही गेला तर आईचं म्हणून हातात चिंध्या उरणार होत्या.

मावशीला बोलावणं गेलं. आईची ही पाठची बहीण पायऱ्यांवर असल्यापासूनच बोलायला लागायची आणि खाली येईपर्यंत तिचं अर्धं बोलून झालेलं असायचं. तिने बाह्या उजेडात धरल्या, चिमटीने धागा ओढून पाहिला.

"उसवताना कोण बोलत होतं?"

"रेडिओ."

"बातम्या ऐकवल्यास? मग मी रेशीम असते तर मीही फाटले असते."

"मावशी, चेष्टा नको. कापड जुनं झालंय."

"मीही झालेय. मला हात लावून बघ, विरते का." तिने पोशाख टेबलावर पसरला. "रविवारी सगळे इथे बसू. तिचं लग्न तिने सांगायचं, ते आता आपण सांगू. भाऊजींनाही आण. घरात बसून भिंतींना चेहरे दाखवतात नुसते."

रविवारी दुपारी सगळे आले. बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, कारण दुसरी खुर्ची नव्हती. धाकटी कापडाच्या गठ्ठ्यांवर पाय पसरून लवंडली. मावशी मशीनच्या स्टुलावर. काचेतून ऊन टेबलापर्यंत पोहोचलं होतं. थोरलीने मान खाली घातली, चष्मा सारखा केला आणि घेराची पहिली शिवण धरली.

"बोला," ती म्हणाली. सगळे गप्प.

"वा!" धाकटी म्हणाली. "शोकसभाच भरली."

बाबा खाकरले. आई गेल्यापासून ते कामापुरतंच बोलत. "त्या दिवशी," ते म्हणाले, "आमची गाडी बंद पडली. मी नवरा मुलगा. मला म्हणाले तू आतच बस. पण माझ्याशिवाय ढकलायला दुसरं कोण होतं? माझा बाप आणि त्याचे दोन मित्र, तिघांनाही दमा. मी ढकलली. पोहोचलो तेव्हा हाताला हे काळं वंगण. आणि ही एवढी पांढरी. म्हणाली, हात मागे ठेव. सगळ्या फोटोंत माझे हात मागे आहेत, बघा. लोकांना वाटलं मुलगा फार नम्र आहे."

मावशी आधी हसली. मग तिला राहवेना.

"आणि माझं ऐका. घाईत मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या! लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं. कापड संपलेलं. तुमची आई म्हणाली, लाव तशीच. दिवसभर तिचा उजवा हात असा कोपरातून वाकडा. सगळे म्हणत होते, नवरी किती लाजते!"

"एक नम्र आणि एक लाजाळू," धाकटी म्हणाली. "म्हणून ही थोरली अशी निघाली."

ब्लेड चालत होतं. थोरलीच्या ते लक्षातच यायला वेळ लागला. टाके आपले आपण सुटल्यासारखे सुटत होते. कापडाची कड स्वच्छ, घट्ट, नवी कोरी असल्यासारखी. तिने नखाने ओढून पाहिलं. एक धागा हलला नाही. बोलून हे मोडायला नको असं तिला वाटलं. मागे गोष्टी चालू होत्या. कोण रुसलं होतं, कोण सारखं जेवत होतं. एकाचं बोलणं दुसरा तोडत होता, तिसरा पुरं करत होता. खूप दिवसांनी त्या खोलीत एवढा आवाज होता.

मग एक बसची गोष्ट निघाली. नवरी सजून बसली होती, आणि सगळे बाहेर नवऱ्याची वाट बघत असताना ती मागच्या दाराने निघाली. चपला हातात. घेर धरून थेट कोपऱ्यावरच्या थांब्यावर. बस आली, ती चढली. कंडक्टर म्हणाला, कुठे? तिला गावच आठवेना. कुठेही म्हणाली. तो वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "बाई, आता उतरा. लग्न लावून या. नाही जमलं तर पुढच्या फेरीला घेतो."

खोली हशाने दणाणली. धाकटी पोट धरून "नको, नको, बाळ बाहेर येईल" म्हणत होती. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. थोरली मान वर न करता हसत होती, कारण शेवटची शिवण हातात होती आणि ब्लेड टाक्यावर होतं. ती सुटली, आणि घेर अखंड, एका तुकड्यात टेबलावर पसरला.

"झालं!" तिने मान वर केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा अजून हसत होते. मावशीकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं पोटात ठेवलंस होय? माझी बायको पळून चालली होती आणि मला आज कळतंय!"

"मी कुठे?" मावशी म्हणाली. "मला काय माहीत? तुम्हीच सांगितलंत ना आत्ता."

"मी?"

"मला वाटलं तिने तुम्हाला कधीतरी सांगितलं असेल."

दोघांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, "मी जन्मले तरी होते का? ताई सांगत होती."

"मी उसवत होते," थोरली म्हणाली.

काचेबाहेरून कुणाचे तरी पाय गेले.

"चला," मावशी जरा मोठ्याने म्हणाली, "सगळ्यांनाच वेड लागलंय. घरी जाऊ."

दुसऱ्या दिवशी थोरलीने घेराची खालची दुमड उघडली. दुमडीच्या आत, कधी कुणाला दिसलं नसतं अशा जागी, डांबराचा एक वाळका ठिपका होता. तिने मावशीला फोन केला.

"डांबर?" मावशी म्हणाली. "कोपऱ्यावरचा रस्ता त्या सकाळीच केला होता गं. पण आम्ही तिला घरातून हलूसुद्धा दिलं नव्हतं."

थोरलीने त्याची कारणं शोधली. ती तिच्यापाशी असायचीच. हसण्याच्या भरात कोण काय बोललं ते लक्षात राहत नाही. बाबांनी खरंच सांगितलं असेल, आणि आता त्यांना आठवत नसेल. हे सगळं शक्य होतं. तिला फक्त एक जमत नव्हतं. ती गोष्ट तिला शब्दन् शब्द आठवत होती. तो आवाज आठवत नव्हता. ती समोर बसून ऐकत होती, आणि तिने मान वर केली नव्हती.

दुपटं छान झालं. दुहेरी मोतिया रेशीम, मधे मऊ सुती थर, वरून धावदोऱ्याच्या बारीक ओळी. बाळही छान झालं. मुलगी. नाक मावशीचं निघालं. मावशी जिन्यातूनच ओरडत आली, "भरपाई मागू नका!" बाबा पुन्हा बोलायला लागले, आणि लागले ते थांबेनात. गाडी ढकलल्याची गोष्ट ते दवाखान्यातल्या आयांनाही सांगून आले.

बाळ रडायचं. पण दुपट्यात गुंडाळलं की शांत व्हायचं. "ऊब लागते," थोरली म्हणायची. ते कुशीवर वळायचं आणि कान शिवणीला टेकवायचं. पुढे ते हसायला लागलं, तेव्हा सगळ्यांना भारी कौतुक. धाकटी दुकानात यायची, त्याला टेबलावर दुपट्यात ठेवायची, आणि जो तो येऊन बघून जायचा.

थोरलीने मात्र एक गोष्ट पाहिली, आणि ती कुणाला सांगितली नाही. बाळ सलग हसत नसे. हसायचं, थांबायचं. थांबून भुवया उंच करायचं. मग पुन्हा खुदकन हसायचं. कुणी गोष्ट सांगत असलं की ऐकणारा जागा बघून हसतो, तसं.

एका दुपारी धाकटी मागे चहा टाकायला गेली होती. ऊन टेबलावर आलं होतं. बाळ कान टेकवून पडलं होतं, डोळे टक्क उघडे.

थोरलीने सुई ठेवली. ती वाकली. गाल टेबलावर टेकवून तिने आपला कान बाळाच्या कानाशेजारी, त्याच शिवणीवर ठेवला.

दुधाचा वास. रेशमाचा गारवा. बाकी काही नाही.

बाळ हसलं.

"आई," थोरली हळूच म्हणाली, "जरा मोठ्याने..."

बाळाने तिच्याकडे पाहिलंही नाही. नुसता आपला ओला तळवा उचलून तिच्या तोंडावर ठेवला, आणि पुढचं हसू येईपर्यंत काढला नाही.