धाकलूच्या उशाचा डबा

"पोलिसांत का नाही गेलास?" मालोजींनी विचारलं.

"गेलो व्हतो," गजा म्हणाला. "हवालदार म्हनला, घरातल्याच कुणाचं तरी काम असंल. त्ये सांगायला हवालदार कशाला पायजे? मलाबी ठावं हाय."

मालोजींच्या ओट्याच्या टोकाला बसलेल्या हिरूने मनातल्या मनात हवालदाराला दाद दिली. कर्जतच्या बाजारात हिरूचं किराणा दुकान होतं. दारातला माणूस उधारीचा की रोखीचा, हे त्याला चपलांवरून कळे. गजा त्याला रोखीचा वाटला, आणि तेवढ्याच कारणाने संशयित.

मालोजी रेल्वेत हरवलेल्या मालाचे दावे तपासून निवृत्त झालेले. अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या शिमग्यापर्यंत त्यांनी तालुक्यातल्या कितीतरी चोऱ्या उकलल्या होत्या. फी मागायला ते विसरत. टेंपो हिरूचा, डिझेलही हिरूचं, आणि ते मात्र हिरू विसरत नसे.

गजाचं गाऱ्हाणं साधं होतं. त्याचा बाप धाकलू याला पोटाचा कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. पनवेलच्या बाजूला एक शुश्रूषागृह होतं. तिथे अशा माणसांना शेवटपर्यंत ठेवून घेत, सुई देऊन कळ मारत. पण पैसे आधी भरावे लागत. म्हणून गजाने दुभती म्हैस विकली, पैसे बिस्किटांच्या डब्यात घालून बापाच्या उशाशी ठेवले. होळीच्या संध्याकाळी सगळं घर होळीवर गेलं. सकाळी डबा रिकामा.

"उद्या सांजपर्यंतच खाट धरून ठेवत्यात," गजा म्हणाला. "बाबा सारी रात वरडतो सायेब. महिना झाला, त्याच्या डोळ्याला डोळा नाय."

घर कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याला. टेंपो दोनदा तापला. हिरूही.

धाकलूचा भाऊ नागू अंगणातच भेटला. "मी उघड बोललो व्हतो, दुभती म्हस मरनावर घालवू नका. म्हनून काय चोरीन? होळीला ढोल माज्या गळ्यात व्हता. गावाला इचारा."

सून सुंदरा चुलीपुढून उठलीच नाही. "माजं नाव घ्या नि मोकळे व्हा! माज्या भावाला चौकात ग्यारेज टाकायचंय, सगळ्यांना ठावं हाय. म्हस कुनी पिळली? मी. सासऱ्याचं अंग कोन पुसतं? मी. होळीला निवद घेऊन गेले, तेवढाच काय त्यो मोकळा वारा!"

म्हातारी चंद्राबाई अंगणात नवऱ्याची बंडी चोळत होती. तिला चोरीपेक्षा बंडीचाच राग जास्त होता. "आडवं झालं की कळ येते, म्हनून माळ्यावरचा बियान्याचा मुडा काढून पाठीला दिला. त्याला चुलीचा धूर लागलेला, बंडी रोज काळी! त्यात होळीला तांब्या लवंडला म्हनं. अंथरुनाखालचा पेंढा भिजला, त्यो बदलला. मानसाने किती करायचं?"

भाताचं बी पेंढ्यात घट्ट बांधून ठेवलेला तो मुडा धाकलूच्या पाठीशी होता, मुड्याचं तोंड भिंतीकडे. धाकलूचा चेहरा चिंबलेल्या पेरूसारखा झाला होता, डोळे मात्र लखलखीत.

"होळीला घरात कोण आलं होतं?" मालोजींनी विचारलं.

"काय ठावं. मी निजलो व्हतो."

"डबा तर उशाशी होता."

"निजलेल्याला उशी दिसते व्हय रं?"

मालोजींनी त्याचा हात हातात घेतला. बोटांवर बारीक चिरा होत्या, ताज्या. तेवढ्यात हिरूची टोपी खाटेमागे पडली. वाकून काढताना त्याला मुड्याचं काळं अंग आणि तोंडाशी पिवळाजर्द पेंढा दिसला. टोपीला काजळी लागली, म्हणून त्याने शिवी हासडली.

बाहेर येऊन हिरूने निकाल दिला. "सून. भावाला ग्यारेज."

"ढोल वाजत असताना ती घरी आली, डबा उघडला, आणि जागा असलेला सासरा गप्प बसला?"

"निजला होता ना!"

"काय काय दिसलं तुला आत?"

"माझी टोपी काळी झालेली दिसली," हिरू वैतागून म्हणाला.

"आणि पिवळं काय होतं? चल, सगळ्यांना आत बोलाव."

सगळे खाटेभोवती जमले. नागू सुंदराकडे बघत होता, सुंदरा नागूकडे, गजा दोघांकडे.

"महिनाभर ज्याच्या डोळ्याला डोळा नाही, तो नेमका ढोलाच्या गजरात झोपला," मालोजी म्हणाले. "म्हणजे खोटं बोलला. कुणाला तरी वाचवायला, किंवा स्वतःसाठी. मुडा धुराने काळा, पण तोंड पिवळं. ते नुकतंच सोडून बांधलंय. बांधायला पेंढा अंथरुणाखाली होता. कोरडा पेंढा पिळताना तुटतो, म्हणून तांब्या मुद्दाम लवंडला. बोटांच्या चिरा त्या पिळण्याच्या. पैसे त्या मुड्यातच आहेत. आणि ज्याला पैसे खर्चायचे असतात तो ते बियाण्यात कशाला घालेल? पेरणीच्या आधी घरातलं कुणी, उपाशी मरत असलं तरी, मुडा सोडत नाही. पैसे पेरणीपर्यंत राहावेत असं वाटणारा इथे एकच माणूस आहे. त्याला पेरणी दिसणार नाही."

हिरूला स्वतःच्या टोपीची लाज वाटली.

"म्हस माजी, मरन माजं," धाकलू म्हणाला. "मुडा सुटला असता तवा दावणीला म्हस परत आली असती. मी तवर कशाला ऱ्हातोय?"

"आन् तवर वरडायचं?" गजा ओरडला. "आमी ऐकायचं? माजी बायको चोर ठरली तरी तू गप!"

"बोललो असतो तर पैसं गेलं असतं."

मालोजी भिंतीकडे वळले. रेल्वेत अशा दाव्यावर काय शेरा मारायचा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मालही त्याचा, चोरीही त्याचीच. जप्त कुणाकडून करायचा?

चंद्राबाई चुलीशी गेली आणि विळा घेऊन आली.

"अगं, पेरनी नाय आली! सोडू नको त्यो!" धाकलू ओरडला.

"तुमच्या हातचा मुडा आजवर मी येळेआधी सोडला नाय," ती म्हणाली, "आन् तुमी मलाबी फसवलंत. पुढं व्हा जरा."

विळा फिरला. भात सळसळत जमिनीवर आलं, त्यात नोटा. सुंदरा नोटा वेचायला वाकली.

"भातावर पाय देऊ नको!" धाकलू कळवळला. पोटातली कळ होती की भाताची, कुणाला कळलं नाही.

"उद्या कशाला, आत्ताच निघा," हिरू एकदम म्हणाला. "टेंपो दारात आहे." डिझेलचा विचार त्याच्या मनात आला, पण उशिरा.

"बी असं सांडलेलं टाकून मी नाय यायचा," धाकलू म्हणाला. "पेंढा आना. बांधतो, मग न्या कुठं त्ये."

गजाने कपाळावर हात मारला. नागू म्हणाला, "मी बांधतो दादा." धाकलूने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागे सरकला. टेंपो सुरू करून ठेवलेला, ऊन कलायला लागलेलं, आणि घर चरफडत त्या चिरलेल्या बोटांकडे बघत बसलेलं. दोनदा पीळ सुटला. तिसऱ्यांदाही सुटला.

मग चंद्राबाई शेजारी येऊन बसली. तिने तांब्या घेतला आणि पेंढ्यावर पाणी शिंपडलं.

"आता लवंडला म्हनून सांगू नका," ती म्हणाली, आणि पेंढ्याचं एक टोक धरून बसली.