रातव्याच्या अंड्यांची राखण

लाइट गेलीये तर जाऊ दे, पार्थ. ट्रान्सफॉर्मरचं काम आहे, दोन तास तरी येत नाही. तो मोबाइल खिशात ठेव आणि बस इथे गच्चीवर. क्षिप्रा, चटई ओढ जरा. ऋता, कठड्याला टेकू नकोस, रंग अजून ओला आहे. मी सकाळी बोट लावून बघितलं.

"दिलीपकाका, तुम्ही सगळ्यालाच बोट लावून बघता."

हसा. पण असा एक माणूस बिल्डिंगमध्ये लागतो. नाहीतर अभयची ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली असती?

अभय म्हणजे चारशे दोनमधला. तुम्ही सानपाड्यात यायच्या आधी तो आणि त्याची बायको दीक्षा इथे राहायचे. गेल्या वर्षी बदली होऊन महाडला गेले. माझं चारशे एक, दारं समोरासमोर. मी काही कान लावून बसत नाही. पण चपलांचं कपाट दाराशीच आहे, तर माणूस काय करणार?

अभय रबाळ्याला एका कंपनीत शिफ्टला होता. आणि वेड फोटोंचं. माणसांचे नाहीत, पक्ष्यांचे. रविवारी लोक मटण आणायला जातात, हा पहाटे चारला उठून खाडीच्या चिखलात पालथा पडायला जायचा. कुठे फ्लेमिंगो रस्त्यावर येऊन पडला की लोक ह्यालाच फोन करायचे. रात्री दोन वाजता खोका घेऊन निघायचा. एकदा एक जखमी घार त्याने बाथरूममध्ये ठेवली होती. दोन दिवस ती दोघं आमच्याकडे आंघोळीला येत होती. चांगला मुलगा. फक्त कायम दमलेला. जिन्यात भेटला की हसायचा, पण ते हसूसुद्धा अर्ध्यावर सोडून द्यायचा.

आता ह्या लोकांची एक युक्ती असते. पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग छोट्या स्पीकरवर लावायचं. पक्ष्याला वाटतं जोडीदार बोलावतोय, किंवा आपल्या जागेत कोणी घुसलंय. तो येतो, फोटो मिळतो. पण अंड्यांच्या दिवसांत हे करायचं नाही, असा त्यांच्यातला नियम. पक्षी आवाजामागे गेला की अंडी उघडी पडतात. ह्या नियमावरून अभय त्यांच्या ग्रुपवर भांडायचा. जिन्यात उभा राहून फोनवर ओरडताना मी ऐकलंय त्याला.

तर ती रात्र सांगतो. पाच मे, दोन हजार तेवीस. शुक्रवार. बुद्धपौर्णिमा. त्या रात्री जंगलात पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजतात. अभयने दोन महिने आधी नाव दिलं होतं. साहेबांनी रजा दिली नाही. उलट बारा-बारा तासांच्या चार ड्युट्या लागोपाठ लावल्या. साडेआठला घरी आला तेव्हा दीक्षा विहारातून परतली होती, हातात खिरीचा डबा. हा बूट न काढता कॅमेऱ्याची बॅग भरायला लागला.

"आता कुठे?"

"खारघर. टेकडीच्या मागे. दोन तासांत येतो."

"चार दिवस डोळा लागला नाही तुझा. आरशात बघितलंस?"

"एकच फोटो गं. रातवा अंड्यांवर बसलाय. मचाण हुकलं, निदान हे तरी."

"मी पिसं लावून बसते. मग तरी बघशील माझ्याकडे."

मी दार उघडलं. म्हटलं, "अभय, खीर तरी खाऊन जा."

"आल्यावर, काका."

हा रातवा म्हणजे रात्रीचा पक्षी. रंग वाळक्या पानासारखा. घरटं करत नाही, काडीसुद्धा ठेवत नाही. उघड्या जमिनीवर दोन अंडी घालते मादी आणि त्यांच्यावर डोळे मिटून बसते. अभयला ती जागा दहा दिवसांपूर्वी सापडली होती. त्याने कोणालाच सांगितली नव्हती. त्या अंड्यांची काळजी घरच्यासारखी करायचा; येता-जाता वाट वाकडी करून लांबून बघून यायचा.

त्याने टेकडीखालच्या आदिवासी पाड्याजवळ मारोतीच्या चहाच्या टपरीपाशी स्कूटर लावली. मारोती झोपला होता. हा पायवाटेने अर्धा तास चढून गेला. चांदणं होतं, पण मळकं. त्या रात्री छायाकल्प ग्रहण होतं ना, चंद्र पूर्ण दिसत होता, पण धुरकट. मादी जागेवर होती. ह्याच्याकडे पाठ करून, डोळे मिटून. हा तासभर बसला. ती हलेना.

आणि मग ज्याच्यासाठी लोकांशी भांडला होता, तेच त्याने केलं.

"म्हणजे, आवाज लावला?" ऋता, बरोबर.

मला नंतर म्हणाला, "काका, मी इतका दमलो होतो की चूक करतोय हेसुद्धा लांबून कळत होतं. दुसरा कोणीतरी करतोय असं." स्पीकर अंड्यांपासून वीसेक पावलांवर एका खडकामागे ठेवला. नराचा आवाज लावला. चक्… चक्… चक्… चकर्र. मादी उठली, उडाली, पुढच्या मोठ्या दगडावर बसली. टॉर्चच्या उजेडात डोळे निखाऱ्यासारखे. ह्याने फोटो काढले. मनासारखे. मग दगडाला टेकून स्क्रीनवर बघत बसला. पाचच मिनिटं, म्हणाला.

झोप लागली.

स्पीकर तसाच चालू. तोच आवाज, परत परत.

जाग आली तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं. आधी कळेना जाग कशाने आली. मग कळलं. आवाज थांबला होता. स्पीकरची बॅटरी संपली होती.

तीन तास. तीन तास त्या पक्षिणीला हा आवाज नादाला लावत होता, आणि अंडी उघडी. वर गार वारा सुटला होता. मुंगूस असतं, साप असतो, कोल्हा असतो. आणि काही नाही आलं तरी थंडीने आतला जीव जातो. तो धावला नाही, पाय पडेल म्हणून. टॉर्च जमिनीवर धरून एक एक पाऊल टाकत गेला.

टॉर्चच्या गोलात आधी लुगडं दिसलं.

कोणीतरी बसलं होतं. उकिडवं. पाठमोरं. पदर पुढे जमिनीवर पसरलेला. जिथे अंडी होती, बरोबर तिथे.

"हलू ये," ती म्हणाली. "दिवा इजव."

त्याने विझवला. त्याला वाटलं, पाड्यावरची कोणी आजी. बाहेर आली असेल.

"आजी, तिथे अंडी आहेत. पाय…"

"म्हायती हाय. त्याच्यासाठीच बसलेय. तू बलावलीस ना तिला?"

अभयने मान हलवली.

"ती तिकडं फिरतेय. येडी झालीय. नवऱ्याला शोधतेय." मग, "मी किती बसू? गुडघे ऱ्हायले नाय रे बाला."

अभय मला म्हणाला, काका, तो आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मी पळालो असतो. इतकं दमलेलं माणूस मी कधी ऐकलं नाही. मी स्वतःला दमलेला समजत होतो.

"सरका आजी. मी बसतो."

"बसशील?"

"बसतो."

"उठू नको मग. ती येईतोवर उठायचं नाय."

त्याने गुडघे टेकले. तिने पदर थोडासा उचलला. त्याने ओंजळ पालथी करून आत घातली. दोन अंडी. गरम. चुलीशेजारच्या विटेसारखी गरम.

ती उठली.

गुडघा वाजला नाही. खडा सरकला नाही. बांगडी… नाही.

त्याने मान वळवली नाही. वळवावीशी वाटली नाही.

मागे, उतारावर, आवाज आला. चक्… चक्… चक्…

स्पीकर नाही. स्पीकर मेलेला होता. हा आवाज घशातला होता. म्हातारीच्या घशातला. लांब जात होता. खाली. आणखी खाली.

मग तोही थांबला.

"काका, बास ना."

बास कसं, क्षिप्रा. तो तिथेच होता ना. दोन. अडीच. तीन. कंबर गेली, पाय मेले. हात हलवले नाहीत. एकदा वाटलं, समोर कोणी उभं आहे. एकदा वाटलं, वास येतोय, जळक्या गवताचा. त्याने डोळे मिटून घेतले. पक्ष्यासारखे.

पाचला दहा मिनिटं असताना मादी आली. पाऊलभर अंतरावर उतरली. थांबली. मग सरकत सरकत येऊन त्याच्या बोटांवर चढून बसली. छाती कापत होती तिची. त्याने एक एक बोट काढून घेतलं. आणि रांगत मागे आला.

उजाडता उजाडता टपरीवर पोचला. मारोती स्टोव्ह पेटवत होता. अभयने विचारलं, रात्री वर कोणती आजी येते?

"रातची? वर? कोन नाय येत."

"हिरवं लुगडं. गुडघे दुखतात म्हणाली."

मारोतीने स्टोव्ह बंद केला, म्हणे. पेटवलेला स्टोव्ह.

मग मारोतीने सांगितलं. आदल्या उन्हाळ्यात टेकडीला वणवा लागला होता. पाड्यावरची म्हातारी चांगुणाबाई करवंदं काढायला वर गेली होती. बाकीच्या बाया खाली पळाल्या. हिला हाका मारल्या. ही म्हणाली, पाखरू उडून गेलं, त्याची अंडी उघडी ऱ्हायली, आग सरंल तवर बसते. दुसऱ्या दिवशी पाड्यातले लोक वर गेले.

"कशी सापडली?" अभयने विचारलं.

"बसलेली," मारोती म्हणाला.

सातला मी दूध घ्यायला दार उघडलं तर अभय जिन्यात बसलेला. घरात जायची ताकद नव्हती. हे सगळं त्याने मला तिथे पायरीवर सांगितलं. दीक्षा आतून येऊन शेजारी बसली. खिरीचा डबा उघडला आणि त्याला चमच्याने भरवायला लागली. स्कूटर कशीबशी हाकली, पण आता त्याचे हात उघडत नव्हते ना. ओंजळ तशीच धरलेली. ते रात्रीचे फोटो त्याने तिथेच तिला पुसायला लावले. मी म्हटलं, अरे एक तरी ठेव. नाही म्हणाला.

पण जीव लागला होता तिकडेच. अंडी जगली का? तीन तास उघडी होती, की तेवढा वेळ ती आजी बसली होती? रोज मला विचारायचा, जणू मला कळणार होतं. एकट्याने जायची हिंमत होईना. शेवटी मीच म्हटलं, चल, मी येतो. तुमची काकी म्हणाली, तुम्ही कुठे निघालात नसत्या उठाठेवी करायला? पण मला बघायचंच होतं.

चौदा मे, रविवार. नववा दिवस. पहाटे पावणेसहाला आम्ही वर. वारा अजिबात नव्हता. अभयने मला वीस पावलं आधीच थांबवलं. "काका, इथूनच. पुढे नाही जायचं." कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर लावला, लांबची लेन्स. स्क्रीनवर मोठं करून बघायचं.

मादी बसली होती. डोळे मिटलेले. आणि तिच्या छातीखालून दोन तोंडं बाहेर आलेली. मातीच्या रंगाची, बोराएवढी. एक जांभई देत होतं.

अभय रडला. आवाज न करता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"काका," तो जरा वेळाने म्हणाला. "तिच्या मागे बघा."

मी स्क्रीनशी तोंड नेलं. त्याने आणखी मोठं केलं.

धुळीत दोन पावलं उमटलेली होती. अनवाणी. लहान. बाईची. टाचा खोल रुतलेल्या, कोणी रात्रभर उकिडवं बसावं तशा. येतानाची पावलं नव्हती. जातानाची नव्हती.

जुनी असतील, मी म्हटलं.

अभयने फक्त बोट ठेवलं. स्क्रीनवर. डाव्या टाचेच्या कडेवर.

मी बघत राहिलो.

माती… कडेवरून आत घसरत होती. दाणा दाणा. आत्ताच कोणी पाय उचलला असावा तशी.