चौथा फड

वयगाळणी आल्यापासून वेधशाळेतल्या लोकांनी दीर्घिकेचं अख्खं चित्र बघणंच सोडलं होतं. हे यंत्र दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांच्या वयाप्रमाणे गाळून वेगळा करायचं आणि ताऱ्यांची चाल उलटी फिरवून कोण कुठे जन्मलं, तेही दाखवायचं. चहा संपेपर्यंत पाच-सहा दीर्घिका हातावेगळ्या व्हायच्या.

प्रणोती भामरे मात्र सकाळपासून एकीवरच अडून बसली होती.

"हिच्या शेजारणी बघा," ती विभागप्रमुख मुजावर सरांना म्हणाली. "सगळ्या लंबवर्तुळाकार. वायू केव्हाच उडवून बसल्यात, नवा तारा जन्मायची सोय नाही. नुसते म्हातारे, तांबूस तारे. ही त्यांच्याच वयाची, तरी अजून सर्पिल. चार भुजा, वायू भरपूर."

"नशीबवान आहे."

"पण चौथ्या भुजेत निळा तारा एकही नाही."

सर खुर्ची ओढून बसले. निळे तारे मोठे आणि उधळे, एखाद्या कोटी वर्षांत जळून संपणारे. ते दिसले, की तिथे ताऱ्यांचा जन्म चालू आहे असं समजायचं. वायू असून ते नाहीत, म्हणजे घरात शिधा असून चूल पेटवलेली नाही. प्रणोतीने पडद्यावर जुन्या ताऱ्यांचा थर लावला. आता चौथी भुजा भरलेली आणि तिसरी रिकामी. त्याहून जुन्या थरात दुसरी रिकामी.

"यंत्र बिघडलंय."

"बाकीच्या दीर्घिका बरोबर येतात, सर. ही पाळी आहे. आमच्याकडे पांझरेकाठी फड असतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे चार भाग. तिघांना पाणी, चौथा पडीक. पुढच्या वर्षी पडीक फड बदलायचा. म्हणून उन्हाळ्यात विहिरी आटत नाहीत."

"म्हणजे तिथे कुणीतरी ठरवून..." सर पडद्याकडे वाकले.

तेवढ्यात प्रणोतीचा फोन वाजला. गावाहून तिचे वडील, आबा, बोलत होते. "बेटा, सभा बसनी शे. समदा हो म्हनी ऱ्हायनात, चारी फडले पानी सोडानं. जमिनवर तुनं नाव शे. तू काय सांगस?"

एका जरी खातेदाराचा नकार असला तरी फडांची पाळी मोडता येत नसे. प्रणोतीने कालच होकार द्यायचं ठरवलं होतं. आबांचं वय झालेलं, म्हातारपणी त्यांना गावाशी वैर कशाला? आता मात्र त्या वायू उडवून बसलेल्या शेजारणी आठवून तिची जीभ रेटेना. तिला भीती वाटत होती, आणि ती एकट्या आबांसाठी नव्हती, गावाच्या विहिरींसाठीही होती.

"नाही म्हणून सांगा, आबा."

पलीकडे एकच गलका उठला. "आते गाव माले बोली, बेटा," आबा म्हणाले. गावाचे बोल आता त्यांनाच ऐकावे लागणार होते. पण त्यांनी तिला पुन्हा विचारलं नाही.

फोन ठेवून तिने सगळं सांगितलं, तरी मुजावर सर पडद्याकडेच बघत होते. "हा प्रकाश बारा कोटी वर्षांपूर्वी निघालाय, प्रणोती. तेव्हापासून तिथे आणखी दोन-तीन पाळ्या होऊन गेल्या असतील. प्रत्येक वेळी नाही म्हणणारं कुणी भेटलं असेल?"