न खाल्लेला खरवस

हर्षदा मुळीकनं हस्तलिखित उगमदर्शकात घातलं आणि पडदा पाहून तिचं तोंडच उतरलं. सगळं पुस्तक लालेलाल. आधी कुठं छापून आलेला मजकूर हे यंत्र लाल करून दाखवी. शब्द कितीही फिरवा, त्याला फसवता येत नसे. हल्ली त्याच्या दाखल्याशिवाय कुठलंच ग्रंथालय पुस्तकाला आत्मचरित्र मानत नव्हतं, आणि इथं दाखला आला होता ‘पुनर्लेखन’ असा.

तिला राग आला, आणि तो रास्तच होता. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या नावानं पुस्तकं लिहीत आली होती, पण माणसासमोर बसून, त्याचं ऐकून. जुन्याच मजकुराला नवा रंग फासून देणाऱ्यांची तिला मनस्वी चीड होती. कराडचे गुरांचे डॉक्टर विश्वासराव खोत यांच्यापुढे तर ती दोन महिने बसली होती.

ती तडक त्यांच्याकडे गेली. पंचाहत्तरीला आठ दिवस उरले होते, आणि त्या दिवशी नातीच्या हातात आपली खरी कहाणी ठेवायची, एवढीच डॉक्टरांची हौस होती. दाखला पाहून ते ओशाळले. प्रत्येक लाल ओळीचा उगम एकच होता, त्यांच्या साठीला निघालेला गौरवअंक. पंधरा वर्षं त्याची पारायणं करून करून डॉक्टर आता स्वतःचं आयुष्यही त्याच शब्दांत सांगत होते. हर्षदाला हसू आवरेना. स्वतःचं कौतुक कुणाला गोड लागत नाही?

तिनं वही उघडली. “पुरात पोहत जाऊन अडलेली म्हैस सोडवलीत, हे जिल्ह्याला पाठ आहे. घरी आल्यावर काय झालं?”

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला.

“म्हैस वाचली, ताई. रेडकू गेलं. आडवं आलं होतं, माझा हात उशिरा पोचला. अंकात ते कुणी घातलं नाही, मीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या घरच्या बाईनं आमच्याकडे खरवस पाठवला. सगळ्यांनी खाल्ला. मी म्हटलं, पोट बिघडलंय. त्यानंतर आजवर खरवस तोंडात घातला नाही. का, ते आमच्या हिलासुद्धा ठाऊक नाही.”

त्यांनी चष्मा पुसला. हर्षदाचेही डोळे भरून आले, पण पेन थांबलं नाही.

मग सहा दिवस ती विचारत गेली आणि ते आठवत गेले. नव्या हस्तलिखितात लाल ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या, आणि दाखला आला ‘आत्मकथन’ असा. पंचाहत्तरीला नातीनं रेडकाचं ते पान मोठ्यानं वाचलं. डॉक्टरांच्या पत्नी ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवळ्याकडून चीक मागवला.

हर्षदा निरोप घ्यायला आली तेव्हा डॉक्टर वाटीतली वडी सावकाश, चवीनं खात होते. तृप्त दिसत होते. मग चमचा खाली ठेवून त्यांनी तिला विचारलं,

“ताई, यापुढं मी हे कुणाला सांगेन, तेव्हा मला रेडकू आठवेल, की तुमचं पान?”